परदेशात टीव्ही बघताना 'ही तर आपलीच जाहिरात' असं कुणाला वाटलंय का? आपले लोक तिकडच्या कल्पना उचलतात का?

वाटलंय, आणि बऱ्याचदा. मी सांगलीचा, विश्रामबागेतला. नोकरीमुळं काही वर्षं इंग्लंडात लंडनजवळच्या स्लाउ गावात होतो, आता परत इथंच आलोय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: उचलेगिरी असते, पण वाटते तितकी नाही. बहुतेक वेळा दोन्हीकडं कंपनी एकच असते, पुड्यावरचं नाव तेवढं वेगळं.

सर्फ एक्सेलचं घ्या. तोच युनिलिव्हरचा माल ब्रिटनमध्ये पर्सिल नावानं विकतात, ब्राझीलमध्ये ओमो, इंडोनेशियात रिन्सो. (जर्मनीतलं पर्सिल मात्र हेन्केलचं, त्याचा याच्याशी संबंध नाही.) डाग पडले तर पडू देत, पोरांना खेळू द्या, ही मध्यवर्ती कल्पना सगळीकडं एक. आपल्याकडं ती 2005 च्या सुमाराला आली. शाळेतून येताना बहीण चिखलात पडते आणि तिचा छोटा भाऊ त्या डबक्यालाच बुकलून काढतो, आठवत असेल. आता तिकडची बघा. 2016 मध्ये युनिलिव्हरनं पर्सिलसाठी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात जाऊन फिल्म केली. कैद्यांना दिवसातून दोन तास उघड्यावर सोडतात. त्यांना सांगितलं की बाहेरच्या जगातली बरीच मुलं दिवसाला एक तासही घराबाहेर पडत नाहीत. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मला यात जाहिरातीपेक्षा समाज जास्त दिसतो. तिकडं पोरानं नुसतं खेळून कपडे मळवले तरी चालतं, खेळणं हा त्याचा हक्कच आहे. आपल्या पोराला मात्र डाग माफ व्हायला आधी पुण्य करावं लागतं: बहिणीसाठी भांडायचं, कुणाला तरी मदत करायची. निव्वळ मजा म्हणून चिखलात लोळलेला पोरगा आपल्या जाहिरातीत आला, तर आमच्या आईला ती पटणार नाही, आणि हे लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

याहून मजेशीर गोष्ट हॉर्लिक्सची. आमच्या लहानपणी हॉर्लिक्स म्हणजे परीक्षा. दुधात दोन चमचे टाकले की उंची वाढणार, डोकं चालणार, असा एकूण हिशोब. स्लाउला हॉर्लिक्सचा लाल विटांचा जुना कारखाना होता, तिथं आता फ्लॅट झालेत. ऑफिसातल्या एका साठीच्या बाईंना मी सांगितलं की आम्ही तुमच्या या हॉर्लिक्सवर वाढलो, रोज सकाळी शाळेआधी घ्यायचो. त्यांनी विचारलं, "सकाळी? मग वर्गात झोप नाही यायची?" कारण तिकडं ते रात्री झोपताना घ्यायचं पेय. 1930 च्या दशकात तिथल्या जाहिरातींनी 'रात्रीची उपासमार' नावाचं एक दुखणंच जन्माला घातलं होतं. रात्रभर पोटात काही नसतं म्हणून झोपूनही माणूस थकलेला उठतो, कामात लक्ष लागत नाही, साहेब चिडतो. उपाय काय, तर हॉर्लिक्स. आपल्याकडं त्याच बाटलीनं वर्गात मागं पडणाऱ्या मुलाची जबाबदारी घेतली. पेय तेच, पण एकीकडं झोपेसाठी आणि एकीकडं पहिल्या नंबरासाठी! साचा मात्र जराही बदललेला नाही: घरातली एक काळजी हेरायची, तिला नाव द्यायचं आणि मग बाटली पुढं करायची. उचलायची असते ती ही युक्ती, आणि ती कुणा एकाच्या मालकीची नाही.

बाकी किरकोळ उदाहरणं तर ढिगानं सापडतील. लेज तिकडं वॉकर्स नावानं मिळतात, पाकिटावरचा पिवळा गोळा आणि लाल पट्टा तोच. जाहिरातीत आपल्याकडं सैफ असायचा, तिकडं फुटबॉलवाला गॅरी लिनेकर. स्निकर्सची 'भूक लागली की माणूस भलताच होतो' ही कल्पना 2010 मध्ये अमेरिकेत बेटी व्हाइट या नटीला घेऊन आली, ब्रिटनमध्ये तिथली नटी जोन कॉलिन्स आणि आपल्याकडं रेखा. पांढऱ्या कोटातला दातांचा डॉक्टर सगळीकडं. सॅनिटरी पॅडवर ओतायचं ते निळं पाणीही सगळीकडं होतं. ब्रिटनमध्ये 2017 साली बॉडीफॉर्मनं पहिल्यांदा लाल रंग दाखवला. आमच्या घरी अजून निळं आलं तरी चॅनल बदलतो.

आणि हे सगळं जागतिकीकरणानंतरचं आहे असं समजू नका. 'दहापैकी नऊ पडद्यावरच्या तारका लक्स वापरतात' ही हॉलिवूडच्या काळातली जाहिरात. तीच चाल आपल्याकडं 1941 मध्ये लीला चिटणीसांना घेऊन आली. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या त्या 1976 ला, म्हणजे आपल्या घरात टीव्ही येण्याच्या किती आधीपासून हा व्यवहार चाललाय बघा.

कंपनी एक नसतानाही सारखेपणा दिसतो, तो सणांच्या जाहिरातींत. ब्रिटनमध्ये जॉन लुइस या दुकानाच्या ख्रिसमसच्या जाहिरातीची लोक नोव्हेंबरात वाट बघतात. 2011 च्या जाहिरातीत एक छोटा मुलगा ख्रिसमसचा दिवस कधी उजाडतो म्हणून तळमळत असतो. आपल्याला वाटतं, भेटींची हाव. शेवटी कळतं की त्याला आईवडिलांना भेट द्यायची घाई होती. हीच गोष्ट पणत्या लावून, फराळाचं ताट ठेवून दाखवली असती तर मी ती आपलीच म्हणून शपथ घेतली असती. मागच्या दिवाळीत आमच्या सांगलीतल्या एका कापड दुकानाच्या मोबाइलवरच्या जाहिरातीत परदेशातला मुलगा न कळवता दारात उभा राहतो आणि आई रडते. त्यांनी कुणाचं बघून केलं? कदाचित कुणाचंच नाही. आमच्या गल्लीत तो प्रकार दर दिवाळीला दोन-तीन घरांत घडतोच.

तिकडं जिचं भावंड मला कधी भेटलं नाही अशी एकच सांगतो: विको टर्मरिकची. आपण कॉस्मेटिक नाही हे गाण्यातच बजावून सांगणारी क्रीम दुसरीकडं कुठं असणार? ती औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर कर ठरत होता, आणि उत्पादन शुल्क खात्याशी तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हळदीच्या पेठेत वाढलेल्या माणसाला तर ते गाणं पाठच असतं. स्लाउमध्ये मी ते एकदा ऑफिसात गाऊन दाखवलं, तेव्हा करांचा भाग समजावतानाच जेवणाची सुट्टी संपली.