साडेतीन वर्षांच्या स्वमग्न मुलासाठी कोणती थेरपी निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचे निदान नुकतेच झाले आहे, तुम्ही देवगड तालुक्यात राहता आणि तुमच्यासमोर तीन वाटा आहेत: पुण्यात खोली घेऊन मुलाला दिवसभराच्या बिहेवियर थेरपी (वर्तन उपचार) केंद्रात घालणे, दर आठवड्याला घाट चढून कोल्हापूरला स्पीच (वाचा) आणि ऑक्युपेशनल (रोजच्या हालचाली व कामे शिकवणाऱ्या) थेरपीसाठी नेणे, किंवा घरी राहून ऑनलाइन मार्गदर्शन घेणे. शिवाय मुंबईचे नातेवाईक स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशी शरीरात सोडण्याच्या उपचाराचा, आग्रह धरत आहेत. मी डॉक्टर नाही. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला ऑटिझम आहे आणि आम्ही कुडाळला राहतो, एवढ्याच अधिकारावर हे लिहीत आहे. माझे मत असे की निवड थेरपीच्या नावावरून करू नये. तिथे शिकवलेले तुमच्या स्वयंपाकघरात आणि खळ्यात वापरता येते की नाही, यावरून करावी.

स्टेम सेलचा विषय आधी संपवते. ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. शरीरातील धातू काढण्याची औषधे आणि दाबाखालील ऑक्सिजन यांनाही पुरावा नाही, आणि धातू काढण्याच्या औषधांचा धोका तर जिवावर बेतू शकतो. नातेवाईकांचा मान राखून नकार द्यावा.

पुण्याच्या केंद्राने तुम्हाला ‘आठवड्याला चाळीस तास’ सांगितले आहे. हा आकडा मुख्यतः अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या 1987 च्या अभ्यासातून आला. त्यातील सखोल उपचाराच्या गटात 19 मुले होती आणि मुलांची गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे त्याच्या निष्कर्षांवर तेव्हापासून वाद आहे. त्यानंतर बिहेवियर थेरपीची पद्धत बरीच बदलली. आज चांगले थेरपिस्ट टेबलापाशी बसवून घोकून घेण्यापेक्षा खेळातून आणि रोजच्या कामांतून शिकवतात. तरीही केंद्रा-केंद्रात जमीनअस्मानाचा फरक असतो, म्हणून जाऊन पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. सत्र चालू असताना आई-वडिलांना आत बसू देतात का, पुढच्या तीन महिन्यांचे उद्दिष्ट साध्या शब्दांत लिहून देतात का, आणि मूल रडू लागले की काय करतात, हे विचारावे. हात फडफडवणे थांबवणे किंवा जबरदस्तीने नजरेला नजर मिळवणे हीच उद्दिष्टे असतील, तर तिथून उठावे. अशा सक्तीचा त्रास पुढे किती काळ पुरतो, हे अनेक स्वमग्न प्रौढांनी सांगितले आहे. ‘सहा महिन्यांत बोलू लागेल’ अशी हमी देणाऱ्याकडे तर दुसऱ्यांदा जाऊच नये.

घरी राहण्याचा पर्याय म्हणजे नाइलाज, असे तुमच्या लिहिण्यातून जाणवते. मला तसे वाटत नाही. पालकांच्या माध्यमातून द्यायच्या उपचाराची एक चाचणी आपल्या शेजारी गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत झाली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 65 मुले होती आणि पालकांना शिकवणारे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, त्यांना या कामाचे खास प्रशिक्षण दिलेले होते. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. सगळ्याच मोजमापांत सुधारणा दिसली असे मात्र नाही, हेही लक्षात ठेवावे.

हे घरात कसे दिसते ते सांगते. माझ्या मुलीला ओटीवरचा झोपाळा अतिशय प्रिय. आम्ही झोका द्यायचो, मध्येच झोपाळा हाताने धरून थांबायचो आणि काही न बोलता तिच्याकडे पाहत राहायचो. आधी ती पायांनी ढकलायची, मग माझा हात ओढू लागली, नंतर झोपाळ्याचे चित्र हातात आणून देऊ लागली, आणि बऱ्याच काळाने ‘दी’ म्हणाली. ‘दे’ म्हणायचे होते, पण झोका लगेच दिला. यातले अवघड काम थांबण्याचे असते. घरातल्या आजीला ते जमायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण नातीने मागायच्या आधीच वस्तू हातात द्यायची तिची सवय. चित्रे वापरल्याने मूल बोलायचे राहते, ही भीती बाळगू नका; उपलब्ध अभ्यासांत तसे आढळलेले नाही. गणपतीत आम्ही आरती, प्रसाद आणि मागची पडवी अशी तीन चित्रे भिंतीवर लावतो, म्हणजे झांजांचा आवाज कधी संपणार हे तिला दिसते.

भाषेबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी ‘घरात मालवणी बंद करा, फक्त शुद्ध मराठी बोला’ असा सल्ला देईलच. तो मानू नये. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांचे नुकसान होते, असे अभ्यासांत दिसत नाही. उलट आजोबांनी ‘हय ये’ म्हणायचे सोडले, तर त्यांचे नातवाशी बोलणेच खुंटते.

म्हणून तुमच्या जागी मी घर सोडले नसते. कोल्हापूरची फेरी आठवड्याऐवजी महिन्याला ठेवून मधल्या काळात त्याच थेरपिस्टचे ऑनलाइन मार्गदर्शन घेतले असते, कारण पावसाळ्यात फोंडा किंवा करूळ घाटात दरड आली की साप्ताहिक वेळापत्रक कोलमडतेच. ऑनलाइन म्हणजे मुलाला मोबाइलसमोर बसवणे नव्हे. सत्र तुमच्यासाठी असते, आणि तुम्ही मुलाशी खेळतानाचा छोटा व्हिडिओ पाठवून त्यावर बोलायचे असते. मूल स्वतःला इजा करून घेत असेल किंवा शिकलेली कौशल्ये गमावत असेल, तर मात्र हे गणित बदलते. तेव्हा मोठ्या शहरातील बालरोग-मेंदूविकार तज्ज्ञाकडे विनाविलंब जावे.

श्रवणाची बेरा चाचणी (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी) झाली नसेल तर ती सर्वांत आधी करून घ्या. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नका. ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. तो कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश असल्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) मिळते, आणि त्या आधारे राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण घेता येते, ज्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. थेरपीचा निर्णय व्हायची वाट न पाहता प्रमाणपत्राचा अर्ज याच आठवड्यात भरा, आणि प्रत्येक सत्राची पावती जपून ठेवा.