माळ्यावरचे डबे आणि अण्णांची दिवाळी

ताई,
माझे सासरे, अण्णा, ७६ वर्षांचे आहेत. शुगरच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू. मागच्या दिवाळीत मी फराळाचे डबे माळ्यावर ठेवले, तर पाडव्याला ते शेजारी जाऊन करंज्या खाऊन आले. दुसऱ्या दिवशी शुगर ३१०! ह्यांचं म्हणणं, "वर्षातून एकदा येते दिवाळी, खाऊ दे की." नणंद भाऊबिजेला शुगर-फ्री मिठाई आणते आणि वर मलाच ऐकवते, की वहिनी अण्णांना तोडून बोलते. डॉक्टर, औषधं, पथ्य सगळं मी बघायचं आणि वाईटही मीच व्हायचं. यंदा काय करू?
– एक सून, सातारा

सूनबाई,
आधी ते डबे खाली काढा. डबे वर गेल्याने अण्णांचं खाणं थांबलं नाहीच, उलट किती खाल्लं ते तुम्हाला कळेनासं झालं. आणि या वयात स्वतःच्याच घरात लाडू मागायची चोरी झाली, की माणूस शेजारी जाणारच.

वसुबारसेच्या आधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "अण्णा, रोज एक गोड जिन्नस. कोणता हवा?" निवड त्यांची. मात्र तो खायचा दुपारच्या जेवणात, शेवटी. आधी कोशिंबीर, भाजी, उसळ, वरण. आणि त्या दिवशी भात नाही किंवा एक पोळी कमी. रिकाम्या पोटी चहाबरोबर खाल्लेल्या लाडवाने शुगर झपकन चढते, भरल्या पोटी जरा सावकाश. बेसनाच्या लिंबाएवढ्या लाडवात साधारण दोन चमचे साखर जाते, बेसन आणि तूप वेगळंच. म्हणून यंदा लाडू सगळ्या घरासाठीच लहान वळा. अण्णांचा वेगळा डबा नको, तो फार लागतो माणसाला.

तुमचं सगळं लक्ष लाडू-करंजीवर आहे, चिवड्याकडे कोणी बघत नाही. तो तिखट, म्हणून चालतो असा समज. अहो, पोहे तांदळाचेच की! चकलीच्या भाजणीतही तांदूळच जास्त. टीव्हीसमोर चिवड्याचा डबा घेऊन बसलं, की मूठ-मूठ करत तीन वाट्या कधी संपतात कळत नाही. वाटीत काढून द्या, डबा स्वयंपाकघरातच राहू दे. गुळाच्या अनारशांनाही वेगळी सवलत नाही, गुळाने शुगर साखरेसारखीच वाढते.

आता मला ३१० पेक्षा ज्याची धास्ती वाटते ते सांगते. नरकचतुर्दशीला पहाटे उठायचं, उटणं, अभ्यंगस्नान, कारीट फोडणं, ओवाळणं, आणि सगळे जमेपर्यंत फराळ थांबलेला. अण्णांनी मात्र नेहमीच्या वेळी गोळी घेतलेली असते. त्यांच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड लिहिलेलं असेल, किंवा ते इन्सुलिन घेत असतील, तर उपाशीपोटी शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर ही लक्षणं सगळ्यांना ठाऊक असतात. म्हाताऱ्या माणसांत कधी नुसतीच चिडचिड किंवा गोंधळल्यासारखं बोलणं दिसतं, आणि घरचे म्हणतात, सणाच्या दिवशीही यांची कटकट. अशा वेळी आधी शुगर तपासा. कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, मग खायला द्या. लाडू देऊ नका, तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. त्या पहाटे गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. "आज गोड खाल्लंय, एक गोळी जास्त घेतो" हा प्रकार तर मुळीच चालू देऊ नका.

आणि हो, अंघोळीचं पाणी तुम्ही किंवा तुमच्या ह्यांनी हात घालून बघा. जुन्या मधुमेहात पायांना चटका कळेलच असं नाही.

३१० एकदा आली म्हणून घाबरून जाऊ नका. तहान फार, लघवीला सारखं, उलट्या असं काही झालं किंवा आकडा ३०० च्या खाली येईनाच, तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन. एरवी तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, किती हवी ते विचारा. इतर आजार असतील तर या वयात डॉक्टर ती ८ टक्क्यांपर्यंतही चालवून घेतात.

तुमच्या ह्यांना सांगा, दिवाळी वर्षातून एकदा येते हे खरं, पण आपला फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतो. वडिलांची एवढी माया आहे ना? मग जेवणानंतर दोन तासांनी शुगर तपासायचं काम यंदा त्यांच्याकडे, आणि जेवण झालं की अण्णांना घेऊन पंधरा मिनिटं रमतगमत फिरणंही. डॉक्टरांकडेही तेच जातील. तुम्ही दोन्ही बाजूंनी बोलणी खात बसू नका.

नणंदबाईंनाही आधीच फोन करा. शुगर-फ्री मिठाईत साखर नसली तरी खवा, मैदा, तूप असतंच, आणि 'चालते' म्हणून चार तुकडे जातात. त्यांना म्हणावं, यंदा मिठाईऐवजी ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी आणा. भाऊबिजेला जरा चमत्कारिक दिसेल, पण पट्ट्या महाग असतात आणि या आठवड्यात तुम्हाला बऱ्याच लागणार आहेत.