बांधताना काय काय लागतं?

प्रश्न असा आला आहे: "पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं डॉक्युमेंटेशन आपल्याच कॉम्प्युटरवर कसं बांधायचं, याची छोटी मराठी मार्गदर्शिका आम्ही काही जण लिहितो आहोत. 'बिल्ड डिपेंडन्सीज'साठी मी 'बांधणी अवलंबित्वे' लिहिलं. हिंजवडीच्या बसमध्ये शेजारच्या मैत्रिणीला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, 'हे काय, सरकारी परिपत्रक आहे का?' योग्य शब्द कोणता?"

(बिल्ड म्हणजे मूळ मजकुरातून वाचायची पानं तयार करणं, आणि बिल्ड डिपेंडन्सी म्हणजे त्या कामाला लागणारी इतर सॉफ्टवेअर-पॅकेजेस.) मैत्रिणीचं म्हणणं बरोबर आहे, पण शब्द जड आहे ही त्यातली किरकोळ तक्रार. खरी अडचण अशी की तो उलटा आहे.

पाण्यासाठी पुणं खडकवासल्यावर अवलंबून आहे. मग अवलंबित्व कोणाचं? पुण्याचं. 'पुण्याचं खडकवासल्यावरचं अवलंबित्व' हे वाक्य कुठल्याही वर्तमानपत्रात खपेल. पण 'खडकवासला हे पुण्याचं अवलंबित्व आहे' असं म्हणून बघा. जीभ अडते. मराठीत अवलंबित्व ही गरजवंताची अवस्था आहे, ज्याच्यावाचून अडतं त्या वस्तूचं ते नाव नव्हे. इंग्रजीत 'डिपेंडन्सी' आधी अवस्थाच होती. प्रोग्रामरांनी ती ओढून वस्तूवर नेऊन बसवली. आपला 'त्व' इतका ताणला जात नाही. म्हणूनच त्याचं अनेकवचनही कानाला खुपतं. ('व्यक्तिमत्त्वे' चालतं की, असं कोणी म्हणेल. चालतं, कारण तिथे आपण हळूच माणसांबद्दल बोलत असतो.)

मग 'अवलंब' घ्यावा का? धातू लंब्, म्हणजे लोंबणं. 'लोंबणे' आणि 'लंबक' त्याच्याच घरातले. गंमत म्हणजे 'डिपेंड'च्या पोटात लॅटिनचा पेंडेरे आहे, त्याचाही अर्थ लोंबणं, आणि पेंड्युलम त्याचाच भाऊ. दोन्हीकडे चित्र एकच: वरच्या कशाला तरी धरून खाली लोंबलेली वस्तू. ज्याला धरायचं तो अवलंब. स्तोत्रांतला 'करावलंब' म्हणजे धरायला दिलेला हात. म्हणजे संस्कृतात शब्द अगदी नेमका होता. पण मराठीत आज अवलंब 'करायचा' असतो, मार्गाचा नाहीतर धोरणाचा. 'पुढील अवलंब बसवून घ्या' हे कोणाला कळेल?

'आश्रय'चीही तीच गत. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तो स्वच्छ पारिभाषिक शब्द आहे, आणि त्या मंडळींनी डिपेंडन्सीच्या रोगांना आधीच नावं देऊन ठेवली आहेत: स्वतःलाच स्वतः लागत असेल तर आत्माश्रय, दोघांना एकमेक लागत असतील तर अन्योन्याश्रय, तिघाचौघांतून फिरून पुन्हा पहिल्यापाशी येत असेल तर चक्रक. 'सर्क्युलर डिपेंडन्सी'ला मराठी शब्द शोधत बसलेल्यांना 'अन्योन्याश्रय' मी आनंदाने देतो, तो मराठीत वापरातही आहे. पण नुसता 'आश्रय' म्हटलं की वाड्याच्या जिन्याखालच्या खोलीत राहणारा लांबचा नातेवाईक डोळ्यांपुढे येतो.

'बिल्ड'ला 'बांधणी' मात्र सोडू नका. डॉक्युमेंटेशनसाठी याहून चांगला शब्द मला सुचत नाही, आणि कारण अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळेल. आमच्या घरातल्या एका जुन्या कोशाची पानं सुटली होती, ती बांधून घ्यायला मी तिकडच्या एका गल्लीत गेलो होतो. बाइंडरने पानांचे जुज, म्हणजे गठ्ठे, लावले, ते दोऱ्याने शिवून जुजबंदी केली, पाठीला खळ लावली, पुठ्ठा चढवला आणि सगळं शिकंजात, म्हणजे दाबयंत्रात, आवळून ठेवलं. "उद्या न्या." दुसऱ्या दिवशी कोश घरी आला. दोरा, खळ, पुठ्ठा त्याच्यासोबत आले. शिकंजा दुकानातच राहिला.

तुमच्या मार्गदर्शिकेला हवा असलेला फरक इथेच आहे. स्फिंक्स, म्हणजे डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणारा प्रोग्राम, हा शिकंजा आहे. २००८ साली गेओर्ग ब्रांडल यांनी तो मुळात पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठीच काढला. त्याआधी तो मजकूर लाटेक या छपाईच्या मांडणीसाठीच्या प्रणालीत लिहिलेला असे. स्फिंक्ससोबत डॉकयुटिल्स, जिंजा, पिग्मेंट्स ही अवजारं येतात. एचटीएमएलची पानं तयार झाली की वाचणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही, ब्राउझर पुरतो. 'बांधणी अवलंबित्वे' वाचून हे कळत नाही. 'बांधताना लागणारी पॅकेजेस' म्हटलं की लगेच कळतं, कारण 'बांधताना' या एका शब्दात 'वाचताना नाही' हे येऊनच जातं.

आणि इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो: नाम शोधूच नका, क्रियापद घ्या. मराठीत ते तयार आहे आणि आपण दिवसभर वापरतो. 'अर्जाला काय काय लागतं?' 'चकलीला भाजणी लागते.' लागणे. यात दिशा कधी चुकत नाही. ज्याला लागतं तो चतुर्थीत, जे लागतं ते प्रथमेत. डेबियन या लिनक्स-प्रणालीवाल्यांनी इंग्रजीतही हेच केलं आहे, हे फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. पॅकेजची माहिती देणाऱ्या त्यांच्या कंट्रोल फाइलमध्ये 'डिपेंडन्सीज' असं नाम नसतं. 'डिपेंड्स', 'रेकमेंड्स', 'सजेस्ट्स' अशी चक्क तृतीयपुरुषी क्रियापदं असतात, आणि बांधणीपुरतं लागणारं 'बिल्ड-डिपेंड्स'मध्ये वेगळं लिहितात. डॉक्युमेंटेशनच्या हत्यारांमुळे अन्योन्याश्रय होऊ लागला, तर तो तोडायला 'नोडॉक' नावाची सोयही आहे: डॉक्युमेंटेशन वगळून बांधा. डेबियनचं मराठी मी केलं तर 'लागते' आणि 'बांधताना लागते' एवढंच लिहीन. (फक्त 'लागण' असं नाम करू नका. एक लागण उसाची, दुसरी तापाची.)

मराठीची आणखी एक सोय सांगतो, ती मला अद्दल घडून कळली. मार्च २०२२मध्ये आमच्या एका प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन अचानक बांधलं जाईना. आदल्या दिवशी चालत होतं, मधे कोणी एका अक्षराला हात लावला नव्हता. पडद्यावर तक्रार एकच, जिंजामध्ये 'एन्व्हायर्नमेंटफिल्टर' सापडत नाही. झालं होतं असं की जिंजाची ३.१ आवृत्ती आली होती आणि तिने ते जुनं नाव काढून टाकलं होतं. आम्ही स्फिंक्सची जुनी आवृत्ती पक्की ठरवून ठेवली होती, जिंजाची नाही. आणि त्या जुन्या स्फिंक्सची मागणी होती: जिंजा २.३ किंवा पुढची. पुढची म्हणजे कितीही पुढची! पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनलाही तेव्हा जिंजाची आवृत्ती ठरवून द्यावी लागली.

यावर लिहिताना 'आवृत्ती पिन करा'ला, म्हणजे 'ठरलेलीच आवृत्ती घ्या' या सूचनेला, मराठी काय, म्हणून मी 'खिळवा', 'गोठवा', 'निश्चित करा' असं बरंच चाचपडलो. मग लक्षात आलं की फाइलमध्ये आवृत्तीआधी लिहायच्या दोन बरोबरच्या चिन्हांचं काम मराठीत एक अक्षर करतं: च. 'जिंजा ३.०.३च.' चिन्ह मोठं-किंवा-बरोबर असेल तर '२.३पासून पुढे', नुसतं लहान असेल तर '३.१च्या आत'. '३.१च्या आत' म्हटल्यावर खुद्द ३.१ चालेल का, असं कोणी विचारत नाही. दहाच्या आत घरी ये म्हटलेल्या मुलांना ते पाठ असतं.

जिंजासारख्या, आपण न मागता दुसऱ्याच्या मागून आलेल्या पॅकेजला आमच्याकडे एक जण 'चुलतसासरे' म्हणायचा. मार्गदर्शिकेत नका लिहू. तिथे 'त्यांना लागणारी पॅकेजेस' पुरे. 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट'चं 'आभासी पर्यावरण' केलं असेल तर तेही काढा. 'व्हेन्व' ठेवा आणि पहिल्यांदा 'म्हणजे या कामापुरती वेगळी चूल' असं सांगा.

तुमचा परिच्छेद मी असा लिहीन:

"डॉक्युमेंटेशन बांधायला पायथन लागतो आणि डॉक फोल्डरमधल्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये लिहिलेली पॅकेजेस लागतात, त्यांत मुख्य स्फिंक्स. यांना बिल्ड डिपेंडन्सी म्हणतात. ती बांधतानाच लागतात, तयार पानं वाचायला नाही. त्या फोल्डरमध्ये जाऊन आधी 'मेक व्हेन्व' चालवा, म्हणजे पॅकेजेस वेगळ्या चुलीवर बसतील. मग 'मेक एचटीएमएल'."

'डिपेंडन्सी' हा शब्द मी एकदा मुद्दाम ठेवला आहे. बांधणी फसली की पडद्यावरच्या तक्रारीत तोच येणार आणि वाचक शोधायला जाईल तोही तोच घेऊन. अनेकवचन मात्र मराठीच्या चालीने करा. 'डिपेंडन्सीज' नको, 'एक डिपेंडन्सी, चार डिपेंडन्सी' असंच, जसं आपण 'चार टॅक्सी' म्हणतो.