एड्स आणि समलैंगिकता, दोन्हीचे प्रश्न एकाच फॉर्ममध्ये घालताय तर

तू विचारलंयस की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या एम.ए.सारख्या पदवीच्या) प्रोजेक्टसाठी बडोद्यातल्या कॉलेजच्या मुलांना एड्सची माहिती किती आणि समलैंगिकतेबद्दल मत काय ते मुलगा-मुलगी, शाखा, शहर-खेडं असं वेगवेगळं काढायचंय, तर प्रश्न कसे ठेवू. रेड रिबन क्लबच्या (कॉलेजातल्या एड्स-जागृतीच्या मुलांच्या गटाच्या) कामात बरीच वर्षं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे की माहितीचे मार्क आणि मत एकत्र मोजू नकोस. आम्ही असेच फॉर्म भरून घेतले होते, त्यात बीएस्सीच्या एका मुलीची सगळी उत्तरं बरोबर, डास चावून होत नाही, हात मिळवून होत नाही, आणि 'एचआयव्ही पॉझिटिव्ह मैत्रिणीच्या डब्यातलं खाशील का' इथे आधी हो, मग ते खोडून नाही, दोनदा गिरवलेलं. त्याच गठ्ठ्यात खेड्यातला कॉमर्सचा मुलगा, विंडो पिरियड (लागण झाली तरी तपासणीत दिसत नाही तो काळ) काय ते ठाऊक नाही पण डबा, बेंच, होस्टेलची खोली सगळ्याला हो. आणि फॉर्मवर नाव नसूनही ती मुलगी कोण ते मला कळलं, कारण शाखा, वर्ष, गाव तिन्ही विचारलेलं आणि त्या गावची ती एकटीच. ही आमची मोठी चूक होती, तू गाव विचारू नकोस, शहर की खेडं एवढंच पुरे.

मुलामुलींत फरक येणारच. एनएफएचएस-5 या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 15 ते 49 वयात एचआयव्हीची नीट माहिती असलेले पुरुष 30.7 टक्के, बायका 21.6. मला विचारशील तर मुलींना कुणाला विचारायची सोयच नसते, शाळेत तो धडा 'घरी वाचा' म्हणून सुटतो आणि घरी कोण बोलणार.

भाषेचं तर नक्की बघ. गुजराती फॉर्ममध्ये 'सजातीय संबंध' म्हणजे समलैंगिक, पण दांडिया बाजारातल्या मराठी घरच्या पोरांना सजातीय म्हणजे आपल्याच जातीतलं, त्यांनी 'सजातीय लग्नाला' खुशाल हो केलं! म्हणून 'मुलाचं मुलावर प्रेम' असं सरळ लिही. तृतीयपंथी वेगळे, तेही समजावून सांग, खूप जण एकच समजतात.

आणि दोन्ही विषय लागून ठेवू नकोस. 1981 मध्ये अमेरिकेत पहिल्या केसेस गे पुरुषांत नोंदल्या गेल्या तेव्हापासून 'हा गे लोकांचा रोग' असा शिक्का बसलाय, आपल्याकडे तर लागण जास्त स्त्री-पुरुष संबंधांतूनच होते, मग फॉर्मच्या क्रमानेच उलटं का शिकवायचं? मध्ये वेगळं पान घाल. समलैंगिक संबंध परस्परसंमतीने असतील तर गुन्हा आहे का हा प्रश्न मात्र घे, तो गुन्हा नाही असा सुप्रीम कोर्टाचा 6 सप्टेंबर 2018 चा निकाल अजून कितीतरी जणांना माहीत नसतो.

शेवटच्या पानाखाली 1097 ही एड्सची हेल्पलाइन छापच. आमच्याकडे एका मुलाने फॉर्म कोराच परत दिला होता, नंबरचा तुकडा तेवढा फाडून नेलेला.