वाचक विचारतात: पडद्यावरच्या मैत्रीला अनुदान

प्रश्न: बर्लिनमधल्या आमच्या युवा संस्थेला केनिया आणि पुण्यातल्या मुलांच्या ऑनलाइन गप्पा घडवायच्या आहेत. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या शिक्षण आणि युवा योजनेतून पैसे मिळतील?

उत्तर: केनियासाठी मिळू शकतील, पुण्यासाठी नाही. या योजनेच्या आभासी देवाणघेवाणीत, म्हणजे अशा ऑनलाइन गप्पांसाठीच्या भागात, भारताचा प्रदेशच (योजनेनं पाडलेला देशांचा गट) बसत नाही. 2022च्या मार्गदर्शिकेप्रमाणे किमान चार संस्था लागतात: दोन युरोपातल्या, दोन एकाच पात्र प्रदेशातल्या. इथेच बरेच जण फसतात. एक केनियाची, एक मोरोक्कोची घेतली की अर्ज बाद, कारण प्रदेश वेगळे.

त्याच मार्गदर्शिकेत सहभागींचं वय 13 ते 30. एका प्रकल्पाला अनुदान कमाल 5 लाख युरो, पण सहभागी माणशी 200 युरोच्या वर नाही. म्हणजे पूर्ण रक्कम हवी तर 2,500 मुलं जमवा! छोट्या संस्थेनं 400 मुलं, 80,000 युरो एवढंच मागावं. आणि चर्चा चालवणाऱ्या प्रशिक्षित सूत्रधारांचा खर्च आधी धरा, सॉफ्टवेअरचा नंतर.