आधी मीटरसमोर उभे राहा, मग बल्ब बदला

घरात चार माणसं, महिन्याला सरासरी ३१० युनिट वीज, एसी सुरू झाला की साडेचारशे. सगळे दिवे एलईडी केले, फोन चार्ज झाला की चार्जर उपसून ठेवता, मुलांच्या मागे दिवे मालवत फिरता, आणि तीन महिन्यांनंतरही बिल जागचं हललेलं नाही. नक्की कुठे चुकतंय, असं विचारलंय तुम्ही.

चुकत काही नाही. छप्पर गळतंय एकीकडे आणि बादली ठेवलीय दुसरीकडे, एवढंच झालंय. आधी सीएफएल होते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे १५ वॅटचा दिवा काढून ९ वॅटचा लावलात. दिव्यामागे ६ वॅट वाचले, दिवे आठ, रोज पाच तास, तर महिन्याचे झाले सात युनिट. ३१० मधून सात गेले तर बिलावर कळणारही नाही. ६० वॅटचे जुने पिवळे बल्ब काढले असते तर याच हिशेबाने साठेक युनिट वाचले असते. एलईडीचं जे नाव झालंय ते त्या तुलनेवर.

चार्जरचं तर सोडूनच द्या. आजकालचा चार्जर फोन न लावता नुसता बसला असेल तर पाव वॅटही खात नाही. असे चार चार्जर महिनाभर लटकत राहिले तरी मिळून एक युनिट भरत नाही. पोरांना या एका गोष्टीपुरती सूट द्यायला हरकत नाही.

गणित एकच आहे. वॅट गुणिले तास, भागिले हजार. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. आपली गल्लत अशी होते की जे डोळ्यांना दिसतं त्याच्या मागे आपण लागतो, आणि जे काहीतरी तापवतं किंवा गार करतं ते मुकाट्याने खात बसतं. तुम्ही दिलेल्या यादीवरून मी तुमचे ३१० अंदाजाने असे वाटले: गीझर १०५, चार पंखे ९०, फ्रीज ४०, टीव्ही-सेटटॉप बॉक्स-राउटर मिळून २५, दिवे ११, आणि वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर वगैरे किरकोळ खर्च २०. बेरीज २९१. उरलेल्या १९ युनिटांचा पत्ता लागत नाही. अंदाजाचं गणित आहे, इकडे तिकडे होणारच. पण तुम्ही घरात इन्व्हर्टर आहे असं लिहिलंय, त्यामुळे मला त्या १९ बद्दल संशय आहे. का, ते सांगतो.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे शेजारी छापलेलं असतं, कुठे १६००, कुठे ३२००. ३२०० असेल तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, की त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते मिळतं. १६०० असेल तर २२५० ला भागा. दर तीन सेकंदांनी दिवा लागतोय आणि मीटर ३२०० चा आहे, तर ३७५ वॅट. मीटरला हात लावायची गरज नाही, आणि लावूही नये. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. लुकलुक फार जलद असेल तर दहा मोजा आणि वेळेला दहाने भागा.

मी हे पहिल्यांदा केलं ते एका रात्री, बिलाने डोकं फिरल्यावर. पंखे बंद, दिवे बंद, फ्रीजचा प्लगसुद्धा काढला. टॉर्च घेऊन मीटरसमोर उभा. दिवा शांत बसेल अशी अपेक्षा, आणि हा आपला दर नऊ सेकंदांनी लुकलुकतोय. म्हणजे १२५ वॅट. झोपलेल्या घरात! दिवसरात्र हेच चालू असेल तर महिन्याचे ९० युनिट. मग बोर्डावरची एकेक एमसीबी, म्हणजे एकेका भागाची वीज तोडणारा स्विच, पाडत गेलो. सेटटॉप बॉक्स, राउटर आणि बैठकीतली जुनी म्युझिक सिस्टीम मिळून चाळीसेक वॅट निघाले. ज्या एमसीबीला दिवा एकदम मंदावला ती इन्व्हर्टरची होती. बॅटरीला हात लावला तर कोमट, एका अंगाने किंचित फुगलेली. वीज गेलेली नव्हती, दिवसभर तिला काही कामच नव्हतं, आणि तरी ती ऐंशीच्या आसपास वॅट पीत होती. बॅटरीतला एक सेल खराब झाला होता, त्यामुळे ती कधी पूर्ण भरतच नव्हती आणि इन्व्हर्टर बिचारा भरतच राहिला होता. खूण आधीपासून होती. डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला घालावं लागायचं, आणि मी म्हणायचो, गरमी आहे, आटत असेल. बॅटरी बदलली आणि एका फटक्यात महिन्याचे पन्नासहून जास्त युनिट कमी झाले. एवढी बचत मला नंतर कुठल्याच एका गोष्टीतून झाली नाही.

तर हा प्रयोग तुम्ही एका रात्री कराच. एक इशारा: घरातला मेन स्विच पाडूनही मीटर लुकलुकत राहिला, तर मीटर आणि तुमचा बोर्ड यांच्या मधल्या वायरिंगमध्ये काहीतरी गडबड आहे, किंवा कुणाची तरी जोडणी तुमच्या मीटरवर आहे. तिथे स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता गीझर, कारण तुमच्या घरातला खरा खादाड तोच आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. हा निसर्गाचा दर आहे, कुठलीही कंपनी त्यात सूट देत नाही. त्यामुळे कॉइलच्या गीझरवर ‘कमी वीज खाणारा’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ इतकाच, की टाकीभोवतीचं इन्सुलेशन बरं आहे. पाणी तापवायला तो तेवढीच वीज घेणार. वाचवायचं तर लिटर कमी करा, अंश कमी करा, किंवा तापवलेलं वाया जाऊ देऊ नका.

लिटरचं बघू. तुमच्याकडे चौघंही शॉवरखाली आंघोळ करतात. एका आंघोळीला ५० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० वर न्यायचं म्हणजे जवळपास ०.९ युनिट. चौघांचे रोजचे साडेतीन, महिन्याचे १०५. हीच आंघोळ २० लिटरच्या बादलीत केली तर महिन्याला ४२. बादलीवर या असं मी म्हणत नाही, आमच्याकडेही कोणी आलं नाही. पण शॉवरखाली बादली ठेवून ती किती सेकंदांत भरते ते बघा. आमची १५ लिटरची बादली एका मिनिटात भरत होती. कमी प्रवाहाचा शॉवर बसवला, आता त्याच बादलीला दोन मिनिटं लागतात. आठवडाभर कुरकुर झाली, मग सगळे विसरले.

दुसरी गळती म्हणजे गीझर चालूच ठेवणं. २५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर पाणी २५ वरून ६० अंशांवर अर्ध्या तासात नेतो. तो सकाळी लावला आणि रात्री आठवण झाली तर मधले बारा तास टाकी थंड होतेय आणि तो पुन्हा तापवतोय. इन्सुलेशन सुमार असेल तर चोवीस तासांत एखादं युनिट नुसतं भिंतीला ऊब द्यायला जातं. आंघोळीच्या अर्धा तास आधी लावायचा, आणि चौघांच्या आंघोळी एकापाठोपाठ एक उरकायच्या. बास. थर्मोस्टॅट ७५ वर असेल तर ६० वर आणा. त्याहून खाली ठेवा असं बरेच जण सांगतात, पण साठवलेलं कोमट पाणी लिजिओनेला नावाच्या जिवाणूला मानवतं, म्हणून मी ६० च्या खाली जात नाही. पुढेमागे गीझर बदलायची वेळ आली तर हीट पंपाचा विचार करा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून पाण्यात टाकतो. म्हणूनच त्याच पाण्याला साधारण एक तृतीयांश वीज पुरते. आकाराने मोठा आणि सुरुवातीला महाग, पण चार माणसांच्या घरात तो हिशेबात बसू शकतो.

पंख्यांबद्दल लोक बेफिकीर असतात कारण पंखा ‘लहान’ वाटतो. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी मोटरचा (ब्रश नसलेली, कमी वीज खाणारी मोटर) ३० च्या आसपास. रोज दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १३ युनिटांचा फरक पडतो. चारही एकदम बदलू नका. ज्या खोलीत सगळ्यात जास्त तास चालतो तो आधी, पाहुण्यांच्या खोलीतला सगळ्यात शेवटी किंवा कधीच नाही. रेग्युलेटर जुना, ठोकळ्यासारखा आणि हाताला गरम लागणारा असेल तर तो मात्र आजच बदला. त्यात वेग कमी केला की उरलेली वीज उष्णता होऊन जाते. आणि पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा मोटरच्या उष्णतेने खोली उलट तापवतोच.

फ्रीज चोवीस तास चालतो म्हणून तो बंद करून वीज वाचवायची कल्पना काहींना सुचते. नका करू. दाराचं रबर तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी अलगद निघून आली तर तिथून थंडावा निघतोय. रात्री अंधारात पेटता टॉर्च आत ठेवून दार लावलं तर फटीतून उजेड दिसतो, ही माझी आवडती युक्ती. मागच्या जाळीवरची धूळ झाडा, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आत ४ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ पुरेत. ‘कधीतरी लागतो’ म्हणून जुना दुसरा फ्रीज चालू ठेवला असेल तर त्याबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही.

एसीबाबत दोनच गैरसमज काढायचेत. १६ वर ठेवला की खोली लवकर गार होते, हा पहिला. ठरावीक वेगाच्या कॉम्प्रेसरचा एसी १६ वर आणि २६ वर त्याच जोराने गार करतो, फक्त १६ वर तो थांबायचं नाव घेत नाही. दुसरा गैरसमज असा की बंद करून पुन्हा लावण्यापेक्षा चालूच ठेवलेला परवडतो. बाहेरून आत येणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर ठरते. खोली गार ठेवली की उष्णता जोमाने आत येत राहते आणि एसी ती बाहेर फेकत राहतो. तासा-दोन तासांसाठी बाहेर जाणार असाल तर बंदच करा. ढोबळमानाने एक अंश वर नेला की पाच-सहा टक्के वीज वाचते. २६ अंश आणि सोबत पंखा हे जोडपं २४ पेक्षा आम्हाला सुखाचं वाटलं. सीझनमध्ये जाळी पंधरा दिवसांनी धुवा, पश्चिमेची खिडकी दुपारी झाका. (इन्व्हर्टर एसी घेतलाय म्हणजे वीज गेल्यावर तो चालेल, असं समजणारे दोघे मला भेटलेत. त्याचा घरातल्या इन्व्हर्टरशी काही संबंध नाही. कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे मंद-जलद होतो, एवढंच.)

स्टँडबायची, म्हणजे बंद दिसणारं उपकरण जी वीज ओढत राहतं तिची, गोष्ट मात्र चार्जरसारखी उडवून लावू नका. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीने १९९९ मध्येच उपकरणांचा स्टँडबाय एका वॅटच्या आत आणा असा आग्रह धरला होता, आणि नवे टीव्ही बहुतेक त्या मर्यादेत असतात. सेटटॉप बॉक्स हा अपवाद. रिमोटने ‘बंद’ केल्यावरही कित्येक बॉक्स दहा वॅट खातात, म्हणजे महिन्याचे सात युनिट. तुमच्या सगळ्या एलईडींनी मिळून वाचवले तेवढेच. त्याला स्विचचा बोर्ड द्या आणि रात्री बोर्डच बंद करा.

प्लगमध्ये खोचायचा ‘पॉवर सेव्हर’ घेऊ का, असंही विचारलंय. नको. आत एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी किती खरोखर कामाला लागते त्याचं प्रमाण) सुधारतो, आणि घरगुती बिल बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर येतं, पॉवर फॅक्टरवर नाही. वर त्याचा तो दिवा थोडी वीज खातो ती वेगळीच.

शेवटचं, बिलाच्या कागदाबद्दल. त्यात एक स्थिर आकार असतो. तो तुम्ही एकही युनिट न वापरता भरावाच लागतो, त्यामुळे ‘युनिट निम्मे झाले, बिल निम्मं का नाही’ असं नंतर विचारू नका. याउलट तुमच्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढत असतील तर वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. आणि रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय की सरासरीने टाकलंय ते बघा. माझ्या एका बिलात तीन महिने सरासरी लागली होती आणि मी घरच्यांवर डाफरत होतो.

उद्यापासून रोज सकाळी एकाच वेळी मीटरचा आकडा वहीत लिहा, सात दिवस. पहिल्या चार दिवसांत काहीही बदलू नका, पाचव्या दिवसापासून फक्त गीझरची वेळ बदला. ते सात आकडे, मीटरवर छापलेला लुकलुकीचा आकडा आणि रात्री सगळं बंद करून मोजलेले सेकंद इथे टाका, मग १९ युनिट कुठे जातात ते बघू. बॅटरीला हात मात्र आजच लावून बघा, वरच्या टर्मिनलला नाही, बाजूच्या प्लॅस्टिकला.