'सुपरनॅचरल' मालिकेतला तुमचा सगळ्यात आवडता एपिसोड कोणता आणि का?

३२७ एपिसोड आहेत हो, त्यातला एक निवडायचा म्हणजे अवघडच, पण मला विचाराल तर तिसऱ्या सीझनचा अकरावा, 'मिस्टरी स्पॉट', २००८ चा. पुढे स्पॉयलर आहेत, बघितला नसेल तर आधी बघून या.

सॅम आणि डीन, भुताखेतांची शिकार करणारे दोघे भाऊ, फ्लोरिडात एक माणूस गायब झालाय म्हणून जातात आणि तिथे डीन गोळी लागून मरतो. सॅमला जाग येते तर परत तोच मंगळवार, रेडिओवर परत 'हीट ऑफ द मोमेंट', डीन आपला मजेत गातोय. आणि परत मरतो. गाडी उडवते, वरून टेबल पडतं, नाश्त्याचं सॉसेज घशात अडकतं, अंघोळ करताना पाय घसरतो, टॅको बाधतो. आम्ही हॉस्टेलवर एका लॅपटॉपसमोर पाच जण दाटीवाटीने बसून बघत होतो आणि लाज वाटावी इतके हसत होतो, एकाने तर आता कशाने मरेल यावर चहाची पैज लावलेली.

फसवलंय ते इथेच. अर्ध्या तासात आपल्याला सवय लागते की मेला तर मेला, सकाळी गाणं वाजणारच आहे. मग सॅमच्या लक्षात येतं की डायनरमधला एक माणूस रोज मेपल सिरप घेतो आणि आज मात्र स्ट्रॉबेरी, तिथून हा सगळा खेळ रचणारा मायावी खोडकर, ट्रिकस्टर, सापडतो, बुधवार उजाडतो, गाणंही वेगळं, आपण म्हणतो सुटलो बुवा, आणि पार्किंगमध्ये एक साधा लुटारू डीनला गोळी घालतो. ना भूत ना राक्षस. सॅम डोळे मिटून घेतो, आता जाग येईल म्हणून. येत नाही.

पुढचे सहा महिने काही मिनिटांत उरकलेत, पण काय उरकलेत! एकटाच जेवतो, स्वतःची जखम स्वतःच शिवतो, डिकीतली हत्यारं अगदी ओळीत लावलेली. रडणं नाही की काही नाही, फक्त टापटीप. मला ती टापटीप बघवत नाही.

नंतर ट्रिकस्टर येऊन 'डीन ही तुझी कमजोरी आहे' वगैरे समजावतो ते मला थोडं जास्त झालं असं वाटतं, ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. काही जण म्हणतात शेवटी डीनला जिवंत करून सगळं पूर्ववत केलं म्हणजे चीटिंग झाली. मला नाही पटत. आधी मेलेल्या सॅमला परत जिवंत करण्यासाठी डीनने आत्मा विकलाय, त्याच्याकडे एकच वर्ष आहे, म्हणजे सॅमला जे मिळालं ती थोडीशी मुदत, सुटका नव्हे. आणि त्या वर्षी लेखकांचा संप झाल्याने सीझन १६ भागांतच संपला, म्हणजे पाचच एपिसोडनंतर डीन खरंच नरकात जातो.

शेवटी डीन विचारतो, किती मंगळवार काढलेस? शंभराच्या वर झालेले असतात, पण सॅम आकडा सांगत नाही.